गाईड म्हणतात, इंग्रजी सुधार

प्रिय ताई,

मी परदेशातल्या एका विद्यापीठात पीएचडी करते आहे. दुसरं वर्ष चालू आहे. विषय आहे रात्रीच्या वाहतुकीचा आवाज आणि झोप. शाळेपासून इंग्रजी माध्यम, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चांगला बँड, त्यामुळे इंग्रजीची भीती कधी वाटली नव्हती. आता वाटते. लिटरेचर रिव्ह्यूचं, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारं प्रकरण गाईडना दिलं. ते परत आलं तेव्हा समासात जागोजाग ‘ऑकवर्ड’, ‘अनक्लिअर’, ‘सो व्हॉट?’ असे शेरे होते आणि शेवटी एक ओळ: ‘तुझ्या इंग्रजीवर काम कर, एखाद्या नेटिव्ह स्पीकरकडून तपासून घे.’ मी तपासून घेतलं. एका मैत्रिणीने व्याकरण नीट करून दिलं. पुन्हा दिलं, तर शेरे जवळपास तेच. वर सिमिलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो त्याचा अहवाल, ३१ टक्के आला. मी चोरी केलेली नाही. वाक्यं बदलून लिहिली होती, संदर्भही दिले होते. लॅबमधला एक जण म्हणतो, सरळ एआयकडून लिहून घे. दुसरी म्हणते, पैसे देऊन एडिटर बघ. एक सीनियर म्हणाली, आपण आशियाई लोक गोल गोल फिरूनच लिहितो, त्याला इलाज नाही. आधी मराठीत लिहून मग भाषांतर करावं, असंही मनात येतं. सेमिनारमध्ये बोलणं तर मी बंदच केलंय. प्रकरणातला एक परिच्छेद सोबत पाठवते आहे. झोप कुणी प्रश्नावलीने मोजतं, कुणी मनगटावरच्या यंत्राने. माझं खरं काम म्हणजे त्याच माणसांची झोप दोन्ही पद्धतींनी मोजणं, कारण तसं फारसं कुणी केलेलं नाही. माझ्याकडे इंग्रजी नाही की कुवतच नाही, एवढं तरी सांगा.

---

प्रिय मैत्रिणी,

तुझा परिच्छेद मी नीट वाचला. त्यात दोन ठिकाणी ‘द’ राहिला आहे आणि एका ठिकाणी प्रिपोझिशन चुकलं आहे. यातल्या एकाही चुकीने मला अर्थ लागायला अडचण आली नाही. अडचण आली ती दुसऱ्याच गोष्टीची: परिच्छेद वाचून संपला तरी तो तिथे कशासाठी आहे, हे कळलं नाही. गाईडनाही तेच झालं असणार. आपण का अडखळतो आहोत हे शोधायला वाचणाऱ्याला वेळ नसतो. लिहिणारी इंग्रजी मातृभाषेची नाही हे त्याला माहीत असतं, म्हणून तो सगळ्याला ‘इंग्रजी’ असं एकच नाव देऊन मोकळा होतो. नेमकं तेच नाव चुकीचं असल्यामुळे मैत्रिणीने व्याकरण सुधारूनही शेरे तसेच राहिले. याचा राग येणं साहजिक आहे, मलाही येतो. चुकीच्या निदानावर चांगल्या चांगल्या विद्यार्थ्यांची वर्षं जातात.

म्हणून कुवतीचा प्रश्न आधीच निकालात काढू. कुवत नसती तर तुला शेऱ्यांचा पॅटर्न दिसलाच नसता. इंग्रजीही आहे. तुझ्याकडे नाही ते या विशिष्ट प्रकारच्या लेखनाचं शिक्षण, आणि ते तुला कुणी दिलेलंच नाही. बोर्द्यू आणि पास्सरों या फ्रेंच समाजशास्त्रज्ञांनी १९६५ मध्येच म्हटलं होतं की विद्यापीठाची भाषा ही कुणाचीच मातृभाषा नसते, सुशिक्षित घरातल्या मुलांचीही नसते. तुझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी, इंग्रजी घरातून घेऊन आलेली मुलगीही हे लेखन शिकतेच आहे. फरक एवढाच की तिच्या मसुद्यातला तोच दोष गाईडना मांडणीचा वाटतो आणि तुझ्या मसुद्यातला भाषेचा.

आयईएलटीएसच्या दुसऱ्या टास्कमध्ये तू चाळीस मिनिटांत किमान २५० शब्दांचा निबंध लिहिलास. दिलेल्या प्रश्नावर मत मांडलंस, एक-दोन उदाहरणं दिलीस, ‘मोअरओव्हर’, ‘ऑन द अदर हँड’ वापरून समारोप केलास. त्यासाठी एकही शोधनिबंध वाचावा लागला नाही, कुणाचा दाखला द्यावा लागला नाही, कुणाशी असहमत व्हावं लागलं नाही. प्रकरण लिहिताना काम नेमकं उलटं असतं. दुसऱ्यांनी काय म्हटलं आहे ते आधी गोळा करायचं आणि त्या गर्दीत आपली जागा दाखवायची. चांगला बँड मिळाला म्हणजे हे जमेल, असं त्या परीक्षेने कधी सांगितलेलंच नाही. आपणच तसं धरून चालतो, आणि विद्यापीठंही बँड बघून तसंच धरून चालतात.

त्याआधीची सवयही आड येते. परीक्षेच्या पेपरात आपल्याला जे जे येतं ते सगळं लिहायचं असतं, कारण तपासणारा मुद्दे मोजतो. प्रकरणात जे जे वाचलं ते सगळं लिहिलं की वाचणारा हरवतो. तुझा परिच्छेद बघ. मी तो मराठीत मांडते आणि संशोधकांच्या जागी अक्षरं घालते, म्हणजे भाषा बाजूला राहील आणि सांगाडा दिसेल:

‘आवाजाने झोप बिघडते असे क यांनी दाखवले आहे. ख यांनी विमानतळाजवळच्या रहिवाशांचा अभ्यास केला. ग यांच्या मते शयनगृहाची खिडकी कोणत्या बाजूला आहे हे महत्त्वाचे ठरते. घ यांनी प्रश्नावली वापरली. च यांनी मनगटावरच्या यंत्राने झोप मोजली. अशा प्रकारे झोप हा महत्त्वाचा विषय आहे.’

व्याकरण निर्दोष आहे, तरी शेरे तेच येतील. सहा वाक्यं आहेत आणि पहिल्या पाचांतलं प्रत्येक वाक्य एक नवा माणूस आणतं. वाचणाऱ्याला पाच जणांची ओळख होते, पण त्यांचं आपसांत काय नातं आहे ते कळत नाही. शेवटच्या वाक्यासाठी तर आधीच्या पाचांची गरजच नव्हती.

आता तुझ्याच पत्रातली एक गोष्ट. पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलं आहेस की, ‘माझं खरं काम म्हणजे त्याच माणसांची झोप दोन्ही पद्धतींनी मोजणं, कारण तसं फारसं कुणी केलेलं नाही.’ हे वाक्य मला सगळ्या परिच्छेदात कुठेही सापडलं नाही! ते आत आणलं की परिच्छेद असा होतो:

‘रात्रीच्या आवाजाने झोप बिघडते, यावर क आणि ख यांच्यासह बहुतेकांचे एकमत आहे. मतभेद आहे तो ती किती बिघडते यावर. या मतभेदाचे एक कारण मोजण्याच्या पद्धतीत असू शकते. घ यांच्यासारखे प्रश्नावली वापरणारे संशोधक माणसाला सकाळी जे आठवते त्यावर अवलंबून असतात. च यांच्यासारखे मनगटी यंत्र वापरणारे हालचालीवरून झोपेचा अंदाज बांधतात. आठवण आणि हालचाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तरी त्याच माणसांवर दोन्ही पद्धती वापरून पाहिलेले अभ्यास कमी आहेत. या प्रबंधात मी ते करते.’

माहिती जवळजवळ तेवढीच आहे. ग आणि त्यांची खिडकी मी काढून टाकली. त्यांना नमुना निवडण्याच्या प्रकरणात जागा मिळेल. वाचलेलं काढून टाकताना जीव तुटतो, हे मला कळतं. त्या पेपरवर तुझी अख्खी संध्याकाळ गेलेली असते. पण वाचणाऱ्याने तुझी मेहनत मोजायची नाही आहे.

हा जो क्रम झाला, आधी सगळ्यांना मान्य असलेलं, मग त्यातली फट, मग त्या फटीत तू, तो माझ्या मनचा नाही. भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी शोधनिबंधांच्या प्रस्तावना उलगडून पाहिल्या आणि १९९० मध्ये हा तीन पावलांचा आराखडा मांडला. तेव्हापासून जगभरच्या शोधलेखनाच्या वर्गांत तो शिकवला जातो. मात्र तो वाचून सोडून देऊ नकोस. तुझ्या विषयातले, तुला आवडलेले तीन अलीकडचे पेपर घे आणि त्यांच्या प्रस्तावनेत तीन रंगांनी खुणा कर: मान्य असलेलं कुठे संपतं, फट कुठल्या वाक्यात उघडते, लेखक स्वतः कुठे येतो. फट उघडणारं वाक्य बहुतेकदा ‘हाउएव्हर’ने सुरू झालेलं दिसेल. मग त्याच तीन रंगांनी स्वतःच्या प्रकरणात खुणा कर. तुझं जवळपास सगळं प्रकरण एकाच रंगाचं निघेल, असा माझा अंदाज आहे.

दुसरी गोष्ट वाक्यांच्या सांध्यांची. वरच्या सुधारलेल्या परिच्छेदात दुसरं वाक्य ‘मतभेद’ आणतं आणि तिसरं ‘या मतभेदाचे’ म्हणून सुरू होतं. वाक्याच्या सुरुवातीला वाचणाऱ्याच्या ओळखीचं काही, आणि शेवटाला नवीन आणि वजनदार असेल ते. जॉर्ज गोपेन आणि ज्युडिथ स्वान यांनी १९९० मध्ये वैज्ञानिक लेखनावरच्या एका लेखात हे फार सुंदर उलगडून दाखवलं आहे. वाचणारा विशिष्ट माहितीची वाट विशिष्ट जागी पाहत असतो, ती तिथे मिळाली नाही की तो अडखळतो, आणि मग त्याला वाटतं विषयच अवघड आहे किंवा लेखकाला लिहिता येत नाही. तुझ्या समासात जिथे जिथे ‘फ्लो’ लिहिलं असेल तिथे हे तपासून बघ. बहुतेक वेळा वाक्य अनोळखी गोष्टीने सुरू झालेलं असेल. तिथे ‘फर्दरमोअर’ चिकटवून काही होत नाही. क्लासमध्ये पाठ केलेले हे जोडशब्द सांधा नसलेल्या जागी सांधा असल्याचा भास करतात, आणि अनुभवी वाचक ते लगेच ओळखतो.

समासातले बाकीचे शेरे असे वाच.

‘ऑकवर्ड’ हा भाषेचाच शेरा आहे, पण शब्दनिवडीचा क्वचितच असतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे कर्त्यानंतर कितीही पसारा आला तरी आपण तो मनात धरून ठेवतो, शेवटी क्रियापद येणारच असतं. इंग्रजी वाचणाऱ्याला कर्त्यामागोमाग क्रियापद हवं असतं. तुझ्या प्रकरणात एक वाक्य असं असेल की ज्यात कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये अठरा-वीस शब्द अडकले आहेत. तो पसारा क्रियापदाच्या पलीकडे ढकल किंवा वाक्य तोड. निम्मे ‘ऑकवर्ड’ तिथेच जातील.

‘अनक्लिअर’ दिसला की आधी त्या वाक्यातला ‘धिस’ किंवा ‘इट’ शोध. तो नेमका कशासाठी आला आहे? तुला माहीत आहे, कारण मागचा परिच्छेद तुझ्या डोक्यात आहे. वाचणाऱ्यासमोर तीन शक्यता असतात. ‘धिस’नंतर एक नाम टाक: हा फरक, ही पद्धत, हा निष्कर्ष. नाम सुचलं नाही तर तुझ्याही मनात ते स्पष्ट नव्हतं, हे कळेल.

‘सो व्हॉट?’ फार जिव्हारी लागतो. मराठीत कुणी तोंडावर ‘मग काय?’ म्हटलं तर आपण पुन्हा त्याच्याशी बोलणार नाही. इथे मात्र तो खरोखरचा प्रश्न आहे आणि गाईडना त्याचं उत्तर हवं आहे: याचा तुझ्या प्रश्नाशी संबंध काय? उत्तराचं एक वाक्य लिही आणि ते परिच्छेदाच्या सुरुवातीला नेऊन ठेव. सुरुवातीलाच सगळं सांगून टाकणं तुला पोरकट वाटेल, वाचणाऱ्याला आपण बावळट समजतो आहोत असंही वाटेल. तसं वाटू देऊ नकोस. इंग्रजी शोधलेखनात वाट दाखवण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची मानली जाते. ‘या भागात मी असं दाखवते’ म्हणण्यात आढ्यता नाही.

‘बी मोअर क्रिटिकल’ हा शेरा तू पत्रात लिहिला नाहीस, पण तो येईल. त्याचा अर्थ कुणाला तरी चूक ठरव असा नाही. प्रत्येक अभ्यास कशाच्या जोरावर काय म्हणू शकतो आणि काय म्हणू शकत नाही, हे तू तोलून सांगावंस एवढंच. ज्येष्ठ संशोधकांबद्दल असं लिहायला हात थरथरतो, कारण आपण छापील शब्दाला मान द्यायला शिकलेलो आहोत. पण ‘च यांचं यंत्र हालचाल मोजतं, झोप नव्हे’ असं म्हणताना तू च यांचा अपमान करत नाहीस. तू त्यांचं काम गंभीरपणे वाचलंस, याचा तो पुरावा आहे. यात तुझी क्रियापदं खूप काम करतात. प्रत्येकाने काहीतरी ‘शो’ केलं असं लिहिलंस तर सगळ्यांवर तुझा सारखाच विश्वास आहे असं होतं. ‘सजेस्ट’, ‘आर्ग्यू’, ‘रिपोर्ट’, ‘क्लेम’ यांतलं एक निवडताना तू आपोआप मत देत असतेस. ‘प्रूव्ह’ गणितवाल्यांसाठी ठेव.

आता ते ३१ टक्के. सिमिलॅरिटी रिपोर्ट म्हणजे चोरीचं मोजमाप नाही. टर्निटिनसारखं सॉफ्टवेअर फक्त जुळणारा मजकूर दाखवतं. त्यात संदर्भयादी, अवतरणं, उपकरणांची नावं, ठरावीक वाक्प्रयोगही येतात. आकडा बाजूला ठेव आणि रंगवलेल्या ओळी एकेक करून बघ. यादी आणि ठरावीक वाक्प्रयोग वजा केल्यावर काय उरतं? तू लिहिलं आहेस की वाक्यं बदलली होती. तीन शब्दांच्या जागी समानार्थी शब्द, कर्तरीचं कर्मणी, बाकी सांगाडा मूळ लेखकाचा, असं झालं असेल तर संदर्भ देऊनही ते चालत नाही. अमेरिकी अभ्यासक रेबेका मूर हॉवर्ड यांनी १९९० च्या दशकात याला ‘पॅचरायटिंग’ असं नाव दिलं, आणि त्यांचं म्हणणं मला फार पटतं: बऱ्याचदा यात फसवण्याचा हेतू नसतो. नव्या विषयाची भाषा अंगवळणी पडण्याआधी माणूस दुसऱ्याच्या वाक्याचा आधार घेतो, हा शिकण्यातलाच एक टप्पा आहे. पण विद्यापीठाचा नियम हेतू विचारेलच असं नाही. म्हणून या टप्प्यावर थांबू नकोस.

उपाय साधा आहे, फक्त वेळ खातो. पेपर वाच, बंद कर. त्यात काय सापडलं, कसं शोधलं आणि तुझ्या कामाशी त्याचा काय संबंध, हे न बघता चार ओळींत लिही. या चार ओळी बेलाशक मराठीत लिही! मूळ इंग्रजी वाक्य डोळ्यांसमोरून जातं, आणि समजलं नसेल तर मराठीत लपवताच येत नाही. मग पेपर उघडून आकडे आणि नावं तपास. प्रकरण लिहिताना या ओळींवरून लिही, पेपरवरून नको.

यात तुझ्या भाषांतराच्या प्रश्नाचंही उत्तर आलं. विचार मराठीत कर, टिपणं मराठीत काढ, गाईडना काय पटवायचं आहे ते मराठीत मोठ्याने स्वतःला सांग. पण सबंध परिच्छेद मराठीत रचून त्याचं वाक्यागणिक भाषांतर करू नकोस. वर क्रियापदाचं सांगितलं तोच पसारा त्यातून येतो. मराठी टिपणातून मुद्दा उचल आणि वाक्य इंग्रजीतच उभं कर.

तुझ्या सीनियरचं ‘गोल गोल’ मात्र मनातून काढून टाक. ही कल्पना रॉबर्ट कॅप्लन यांच्या १९६६ च्या एका लेखातून पसरली. त्यात त्यांनी इंग्रजी लेखन सरळ रेषेने, ‘पौर्वात्य’ लेखन आत वळत जाणाऱ्या चक्राने, अशा आकृत्या काढल्या होत्या. त्यावर पुढे सडकून टीका झाली, आणि स्वतः कॅप्लन यांनीही नंतर आपली भूमिका सौम्य केली. आकृत्या मात्र लोकांच्या डोक्यात राहिल्या. लेखनाच्या रीती वेगळ्या असतात हे खरं, पण त्या शिकलेल्या असतात आणि आणखी एक शिकता येते. खंडच्या खंड वाकडा विचार करतो हे खरं नाही.

एआयबद्दल दोन गोष्टी वेगळ्या कर. पहिली, तुझ्या विद्यापीठाचा आणि विभागाचा नियम काय आहे ते लेखी विचार, आणि उत्तर जपून ठेव. सगळीकडे नियम सारखे नाहीत. दुसरी, नियमाने मुभा असली तरी प्रकरण लिहून घेऊ नकोस. तुझी अडचण वाक्याची नाही, मुद्द्याच्या जागेची आहे, आणि ती जागा ठरवणं हीच तर पीएचडी आहे. एआयने लिहिलेला परिच्छेद गुळगुळीत असेल, पण त्यात ‘आठवण आणि हालचाल’ कुठून येणार? तो फरक तुझा आहे. शिवाय पकडणाऱ्या साधनांचा धोका तुझ्यासारख्यांना जास्त आहे. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एआयचं लेखन ओळखणाऱ्या सात साधनांना त्यांनी टोफेलचे, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या इंग्रजी परीक्षेतले, ९१ निबंध दिले. सगळे माणसांनी लिहिलेले. साधनांनी सरासरी साठ टक्क्यांहून अधिक निबंध यंत्राचे ठरवले. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे बरोबर ओळखले. साधी, ठरावीक शब्दांची वाक्यं म्हणजे यंत्र, असा त्या साधनांचा हिशेब होता. साधनं बदलत राहतात, पण तू तुझे सगळे मसुदे तारखेसह ठेव, फाइलचा इतिहास चालू ठेव, ती मराठी टिपणंही फेकू नकोस. कुणी बोट दाखवलंच तर हे सगळं तुझ्या बाजूने बोलेल.

एडिटर शेवटी लागेल, आता नको. सांगाडा बदलणार असताना वाक्यं घासूनपुसून घेणं म्हणजे पैसे वाया. तोही विद्यापीठाला चालतो का, कितपत चालतो आणि प्रबंधात तसं नमूद करावं लागतं का, हे आधी बघ. आणि ‘नेटिव्ह स्पीकर’ शोधत बसू नकोस. तुझ्या विषयातला, मसुदा मन लावून वाचणारा माणूस शोध, त्याची मातृभाषा कुठलीही असो.

‘ए’, ‘अॅन’, ‘द’ यांचं म्हणशील तर आपल्या भाषेत ती नाहीत, त्यामुळे ती सगळ्यात शेवटी अंगवळणी पडतात. काहींची कधीच पूर्ण पडत नाहीत, तरी त्यांचे प्रबंध मान्य होतात. शेवटच्या मसुद्यात फक्त त्यांच्यासाठी एक स्वतंत्र वाचन ठेव. शब्दांसाठी अॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० मधली ५७० शब्दकुलांची यादी प्रसिद्ध आहे, पण तुझी अडचण शब्दांची दिसत नाही. त्यापेक्षा मँचेस्टर विद्यापीठाची ‘अॅकॅडेमिक फ्रेजबँक’ बघ. जॉन मॉर्ली यांनी ती उभी केली आहे. फट दाखवायची असेल, मर्यादा मान्य करायची असेल तर वाक्य कसं सुरू करतात, याचे नमुने तिथे कामाप्रमाणे लावलेले आहेत. असे नमुने वापरणं म्हणजे चोरी नव्हे, ते सगळ्यांचे आहेत. विद्यार्थ्यांचं लेखन कसं असतं ते बघायचं असेल तर मिशिगन विद्यापीठाने वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांचे ‘ए’ श्रेणी मिळालेले पेपर ‘मिकस्प’ या नावाने खुले ठेवले आहेत.

एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. तुला जास्त वेळ लागतो, आणि तो लागणारच आहे. तात्सुया आमानो आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये आठ देशांतल्या ९०८ पर्यावरण-वैज्ञानिकांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्यांना इंग्रजीत पेपर लिहायला ५१ टक्क्यांपर्यंत जास्त वेळ लागत होता. आणि त्यांचे पेपर भाषेच्या कारणावरून नाकारले जाण्याचं प्रमाण सुमारे अडीच पट होतं. हा अन्याय आहे, आणि तो तुझ्या आळसाने किंवा कमी बुद्धीने झालेला नाही. म्हणून वेळापत्रक करताना शेजारणीच्या वेगाने करू नकोस. तिने तीन आठवडे धरले तर तू पाच धर, आणि गाईडना तसं सरळ सांग. हे सवलत मागणं नाही. खरा हिशेब आधी सांगणं आहे.

विद्यापीठात रायटिंग सेंटर असेल तर या आठवड्यातच वेळ घे. ‘चुका दुरुस्त करून द्या’ म्हणून गेलीस तर निराश होशील, कारण बहुतेक ठिकाणी ते प्रूफरीडिंग करत नाहीत. ते तुला लिहायला शिकवतात. दोन पानं घेऊन जा आणि विचार: ‘माझा मुद्दा काय आहे, हे तुम्ही मला वाचून सांगा.’ समोरचा जे सांगेल ते तुझ्या मनातलं नसेल, तर नेमकं कुठल्या ओळीला तो भरकटला, ते त्याच्याबरोबर शोध.

सेमिनारमध्ये पुढच्या वेळी एकच प्रश्न घरून लिहून ने, आणि पहिल्या दहा मिनिटांत विचार. उशीर केलास की धीर सुटतो. तू मोजण्याच्या पद्धतीवर जो विचार केला आहेस, त्यातून कुठल्याही पेपरला विचारता येईल असा प्रश्न सहज निघतो.

आणि गाईडना पुन्हा सगळं प्रकरण पाठवू नकोस. चार पानं पाठव, सोबत तुझ्या शब्दांत असा ईमेल: ‘या प्रकरणाचा मुद्दा मी असा धरते आहे की झोप किती बिघडते यावरचा मतभेद काही अंशी मोजण्याच्या पद्धतीमुळे आहे. या चार पानांत तो तुम्हाला दिसतो का? नसेल, तर कुठल्या परिच्छेदाला तो निसटतो? व्याकरण शेवटच्या मसुद्यात बघते, सध्या त्यावर खुणा केल्या नाहीत तरी चालेल.’ असं विचारलं की ‘इंग्रजी सुधार’ हे उत्तर त्यांना देता येत नाही, त्यांना मुद्द्यावरच बोलावं लागतं. ज्या परिच्छेदावर ते बोट ठेवतील, पुढचं काम तिथूनच सुरू कर. ईमेलचं उत्तर काय आलं ते मला कळव.

तुझी,
ताई